ओला कासोटा

बुरोंडीच्या किनाऱ्याला होडी टेकत नाही. ती आत, कमरेएवढ्या पाण्यात थांबते आणि मासळी आणायला बायकांना पाण्यात उतरावं लागतं. कमळा लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून रोज सकाळी उतरते आहे. नेसायची ती नायलॉनची साडी, आणि पाण्यात शिरताना तिचा घट्ट कासोटा मारायचा, म्हणजे लाटेत पायात अडकत नाही. सुती साडी पाणी पिऊन धोंड्यासारखी जड होते, म्हणून नायलॉन. मग लिलाव, मग बर्फ, मग दापोलीला जाणारा टेम्पो, आणि कासोटा तसाच. बाजारात बसेपर्यंत तो वरवर वाळलेला दिसतो. आत ओल राहते ती राहतेच, आणि दुपारी घरी गेल्यावरच तो सुटतो. गावातल्या सगळ्याच बायका हेच करत आल्या, त्यामुळे यात काही चुकतंय असं कोणाच्या मनातही आलं नाही.

दापोलीच्या मासळी बाजारात शिरलं की डाव्या हाताला, नळाजवळचा कोपरा कमळा आणि सगुणाचा. एक ताडपत्री, एक पाट, दोन कोयत्या. लिलावात दोघी मिळून एक मोठा वाटा उचलायच्या. एकटीला तो झेपला नसता. विकून उरेल ते अर्धं अर्धं. याला तिथे भागी म्हणतात. भागी सख्ख्या बहिणींचीसुद्धा टिकत नाही, पण या दोघींची मुलं अंगावर पीत होती तेव्हापासूनची ही भागी टिकली होती. सगुणा बोलायची. तिच्या बोलण्याने येणारजाणारा थांबायचा. कमळा कापायची. सुरमईचे तुकडे असे एकसारखे पडायचे की दापोलीतल्या बायका पिशवी पुढे करून म्हणायच्या, "सगुणाबाई, तुम्ही राहू द्या, कमळाच्या हातची द्या." बाजारात कमळाची जी काही पत होती ती त्या हातांत होती. ती गेली तर तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

गणपती होऊन गेले आणि उकाडा सुरू झाला. त्या सुमारास एका शिंगाळा माशाचा काटा कमळाच्या तळहातात गेला. शिंगाळ्याचा काटा विषारी, हात मनगटापर्यंत सुजला. गावातल्या कंपाउंडरने कॅप्सूल दिल्या, सूज उतरली, आणि ती उतरतेय तोवर खाज सुरू झाली.

कुठे, ते सांगायला बायकांकडे शब्द नाहीत असं नाही. शब्द आहेत आणि भांडण लागलं की याच बायका ते भर बाजारात, सणसणीत आवाजात वापरतात. दुखतंखुपतं तेव्हा मात्र ते तोंडातून निघत नाहीत. तेव्हा सगळं 'खाली' होतं. कमळाला खाली खाज यायला लागली. पहिल्यांदा तिने सोसली. मग पाटावर बसल्या बसल्या मांडी बदलायला लागली. मग लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि मग एक दिवस टेम्पोच्या मागच्या बाजूला बर्फाच्या पेटीवर बसलेली असताना सगुणाच म्हणाली, "काय गो, मुंग्या डसल्या काय? बसल्या जागी हलतेस किती."

"मुंग्या बऱ्या. त्या दिसतात तरी."

"मग काय झालं?"

"खाली खाज येते."

"पायाला?"

"पायाला असती तर तुझ्या कानात कशाला सांगितली असती?"

सगुणाने पुढे ड्रायव्हरकडे एकदा बघितलं आणि आवाज उतरवला. "सफेद जातं काय? फाटलेल्या दुधासारखं?"

"दह्यासारखं. आणि आग होते. वाटतं मिरची लावलीय कोणी."

"कोणाला बोलली नायस ना?"

"तुला बोलले."

"मग बस. माझ्या पोटात राहील." सगुणाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. कमळाला त्या हाताने निम्मं बरं वाटलं. सगुणाने नेमकं काय जातं तेच पहिलं कसं विचारलं, याचं तिला कौतुकच वाटलं. सगुणा शहाणी, सगुणाला सगळं कळतं.

औषधही सगुणानेच सांगितलं. "अंगावर पित्त उठलं की आपण काय लावतो? आमसूल. खाज ती खाज. आगळाच्या पाण्याने धू, दोन दिवसांत बघ."

आगळ म्हणजे सोलकढीत घालायचा कोकमाचा खारवलेला रस. मीठ आणि आंबट, दोन्ही एका बाटलीत. पित्ताच्या गांधींवर कोकम लावायची रीत कोकणात घरोघर आहे आणि चामडी धडधाकट असते तिथे ती चालतेही. पण खाजवून सोललेल्या, सुजलेल्या नाजूक जागेवर मिठाचं पाणी घालायचं, हे सुचायला आगळाच्या बरण्यांमध्येच जन्म काढलेला असावा लागतो. कमळाने न्हाणीत तांब्याभर पाण्यात आगळ ओतलं आणि धुतलं. एक किंकाळी सुटलीच, मग तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि भिंतीला धरून उभी राहिली.

बाहेरून सुनेने, ऋतिकाने, विचारलं, "आई, काय झालं? ओरडलात कशाला?"

"विंचू."

"अगो बाई, चावला?"

"नाय. गेला."

ऋतिका झाडू घेऊन बराच वेळ न्हाणीत विंचू शोधत होती.

दुसऱ्या दिवशी सगुणा म्हणाली, "झोंबलं म्हणजे लागू पडतंय." म्हणून कमळाने पुन्हा धुतलं. मग तुरटी झाली. मग कडुलिंबाचा पाला उकळून झाला. मग ऋतिकाच्या साबणाने, फेस काढून, घासघासून. दर वेळेस धुतल्यावर घटकाभर थंड वाटायचं आणि मग दुप्पट. पाण्यात उतरलं की समुद्राचं मीठ लागायचं, पाण्याबाहेर आलं की नायलॉन काचायचं. कमळा पाटावर बसायची ती एका बाजूला कलून, आणि कापताना तिचा हात पहिल्यांदाच तिरका पडायला लागला.

"हे असं बरं व्हायचं नाय," सगुणा एकदा म्हणाली. "कमळे, तू रागावणार नसशील तर सांगू?"

"सांग."

"हे बाईला आपोआप नाय होत. पुरुषाकडून येतं."

कमळाचा नवरा भिवा जयगडच्या बंदरात लाँचवर खलाशी. आठवड्याची सुट्टी मिळाली की यायचा, जेवायचा, टीव्हीसमोर पेंगायचा आणि परत जायचा. या माणसाला दुसरी बाई मिळाली असेल हे कमळाला खरं वाटलं नाही. बाईने त्याच्यात बघावं काय? पण संशय असा हिशोबाने येत नाही. सगुणा म्हणतेय म्हणजे काहीतरी असेल. सगुणाच्या भावाचा मेहुणा जयगडलाच आहे. तिला काही कळलं असेल आणि ती सांगत नसेल.

त्या सुट्टीत भिवा आला तेव्हा त्याचं अंथरूण पडवीत घातलेलं होतं.

"मी काय केलं?" भिवाने विचारलं.

"ते तुलाच ठाऊक."

भिवाने थोडा विचार केला. त्याला काही ठाऊक नव्हतं, पण बायको एवढ्या ठामपणे म्हणते म्हणजे असेलही, असं वाटून तो पडवीत झोपला. सकाळी कमळा त्याच्याकडे न बघता पाण्यात गेली. तो जयगडला परत गेला तोही न बोलता. घरात एकदा हे सुरू झालं की ते संपवायला कोणीतरी तोंड उघडावं लागतं, आणि कमळाला तर विचारायचीच लाज वाटत होती.

बाजारात आणखीच काही व्हायला लागलं. सगुणाने एका सकाळी कोयती स्वतःकडे ओढली. "तू बस गो मागे. दुखत असेल. पैसे घे, सुट्टे दे. कापायचं मी बघते."

कमळाला भरून आलं. आईनेसुद्धा एवढी माया केली नव्हती, असं ती ऋतिकाजवळ बोललीही. पण दिवसामागून दिवस गेले आणि कोयती काही परत आली नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकणी आल्या की सगुणाशी बोलायच्या. पैसे कमळाच्या हातात द्यायचे तर पाटावर ठेवायच्या. समोरच्या रांगेतल्या चिमाने एकदा उगीच विचारलं, "कशी हायस, कमळावयनी?" आणि तिच्या हाताकडे बघत राहिली. कमळाला वाटलं, शिंगाळ्याची खूण बघते असेल.

शालनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. कमळाचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. बाईंच्या घरी पाहुणे असोत, बारसं असो, मासे कमळाच्या हातचे. त्या दिवशी सगुणा बर्फ आणायला गेलेली होती आणि कोपऱ्यात कमळा एकटी. शालनबाई आल्या, सरंगा बघितला, कल्ला उचलून आत लाल आहे की नाही ते तपासलं, आणि म्हणाल्या, "सगुणा कधी येईल?"

"मी देते की कापून."

"नको. थांबते मी."

कमळाने कोयती हातात घेतली होती ती तशीच राहिली. "बाई, माझं काही चुकलं काय?"

शालनबाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि खाली वाकल्या. "कमळा, मी तुला इतकी वर्षं ओळखते, म्हणून तोंडावर विचारते. तुला अंगावरचा काही रोग झालाय आणि तू औषध घेत नाहीस, असं ऐकलं. बायका म्हणतात, दिवसभर खाजवते आणि त्याच हाताने मासे देते. मला घाण वाटते म्हणून नाही, घरात नातवंडं आहेत."

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? तुझी सगुणाच. वाईट वाटत होतं बिचारीला. म्हणाली, कितीदा सांगितलं दवाखान्यात जा, ऐकत नाही, नवऱ्याने जयगडवरून आणलंय."

कमळाच्या कानात पाणी भरल्यासारखं झालं. बाजाराचा गलका लांब गेला. कितीदा सांगितलं दवाखान्यात जा. सगुणाने दवाखाना हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. आणि भिवाचं तर तिनेच सुचवलं होतं, ते आता कमळानेच सांगितल्यासारखं बाजारभर फिरत होतं.

"बाई," ती म्हणाली, "मला कोण डॉक्टर बघेल? बाईमाणूस पाहिजे."

इथे मात्र शालनबाईंनी चोख काम केलं. सरंगा तिथेच ठेवला, चिमाला ताडपत्रीकडे लक्ष ठेवायला सांगितलं, आणि कमळाला हाताला धरून दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊन सोडलं.

डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत होती. तिने सगळं नीट बघितलं, विचारलं. वास येतो का, असंही विचारलं.

"डॉक्टरीणबाई, मी मासळीवाली. कुठला वास कुठून येतो ते मला काय कळणार?"

डॉक्टरीण हसली, पण तेवढ्यापुरतीच. "आत्तापर्यंत काय काय लावलंस?"

कमळाने सांगितलं. आगळ ऐकल्यावर डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "सोलकढीचं आगळ?"

"होय."

"कोणी सांगितलं?"

"बाजारातल्या एकीने."

"हे बघ. ही बुरशी आहे. प्रत्येकीच्या अंगात थोडी असते, काही करत नाही. ओल मिळाली, गरमी मिळाली की वाढते. तू हातासाठी कॅप्सूल घेतल्यास, त्यांनी तिला आवरून धरणारे चांगले जंतू मारले. ती मोकाट सुटली. वर तू तिथलं सगळं सोलून काढलंस." तिने कमळाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, बघितला. "आणि तुझी साखर वाढलेली आहे. साखर वाढली की ही परत परत येते. चहा किती पितेस?"

"बाजारात येईल तेवढा."

"तो कमी, आणि साखर बंद. उपाशीपोटी येऊन परत तपासायचं. आता ऐक. रात्री झोपताना ही गोळी आत सरकवून ठेवायची, हे मलम बाहेरून. बरं वाटलं म्हणून अर्ध्यावर सोडायचं नाही. परत झालं तर स्वतःच्या मनाने दुकानातून आणायचं नाही, इथे यायचं. धुवायचं ते फक्त बाहेरून, साध्या पाण्याने. साबण नाही, तुरटी नाही, पाला नाही. आत काहीही घालायचं नाही. माझ्याकडे लसूण घालून आलेल्या बाया आहेत, दही घालून आलेल्या आहेत. दही वाटीत घ्या आणि खा. त्याचं तेवढंच काम."

"मग घरचं काही नाय? नुसती गोळीच?"

"आहे ना. कोरडा सुती परकर. तो घरचाच आहे की नाही? पाण्यातून बाहेर आलीस की ओलं सगळं सोडायचं, अंग पुसायचं, कोरडं सुती नेसायचं. रात्री मोकळं, सैल. वारा लागला पाहिजे. याच्याहून नैसर्गिक मला काही माहीत नाही."

कमळाने सगळ्यात कठीण प्रश्न शेवटी ठेवला होता. "हे नवऱ्याकडून आलं असेल?"

"नाही. त्याच्या डोक्यावर कशाला घालतेस?"

"आणि मासळीला लागतं?"

"हात धुतेस ना? मग नाही लागत. तुमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी बाया येतात माझ्याकडे, सगळ्यांना मी हेच सांगते. ओलं सोडा, कोरडं नेसा, चहात साखर नको. पण कोणी कोणाला सांगेल तर शपथ."

कमळा उठली ती दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली.

सगुणा. गेल्या शिमग्यापासून सगुणा पाण्यातून बाहेर आली की निळी पिशवी घेऊन बर्फाच्या शेडमागे जायची आणि सुती परकर, सुती साडी नेसून यायची. चिमा चिडवायची, "आली गो नवरी." सगुणा म्हणायची, "ओल्याने गुडघे धरतात माझे." त्याच शिमग्यापासून ती चहाही बिनसाखरेचा घ्यायला लागली होती. विचारलं तर दाढ दुखते म्हणायची. दह्यासारखं जातं का, हे तिने पहिल्या झटक्यात विचारलं होतं, कारण ते तिचं स्वतःचं गेलं होतं. याच खुर्चीवर ती बसली होती, हेच ऐकून गेली होती. गोळी काय, मलम काय, परकर काय, तिला सगळं पाठ होतं. आणि तिने सांगितलं आगळ.

चहाडी केली हे कमळा कदाचित गिळून गेली असती. बाईचं तोंड सुटतं, सगुणाचं तर जन्माचंच सुटलेलं. पण हे तोंडातून निसटलेलं नव्हतं. रोज सकाळी स्वतः कोरडं नेसून येऊन, शेजारी ओल्यात बसलेल्या बाईला विचारायचं, "आज कसं हाय गो?" आणि वर तुरटी सांगायची. हे करायला मन लागतं.

दुसऱ्या दिवशी पाण्यातून बाहेर आल्यावर कमळाही पिशवी घेऊन बर्फाच्या शेडमागे गेली. सगुणा परकराची नाडी बांधत होती. तिला बघून हसली. "तुझे पण गुडघे धरले काय?"

"नाय," कमळाने कासोटा सोडला. "मला तेच झालंय जे तुला झालं होतं."

सगुणाचा हात नाडीवर थांबला.

"डॉक्टरीण काय बोलली नाय," कमळा म्हणाली. "तुझं नावसुद्धा काढलं नाय तिने. तुझा परकर बोलला."

"हळू बोल गो."

"का? माझं तर सगळ्या बाजाराला ठाऊक हाय. तुझ्या पोटात राहिलं ना ते."

सगुणा शेडच्या पत्र्याला टेकली. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग रडून पाहिलं. कमळा अंग पुसत राहिली. शेवटी सगुणा म्हणाली, "शिमग्यात मला कोणीतरी दवाखान्यातून निघताना बघितलं. कुजबूज सुरू झाली होती, त्या नळाजवळच्या कोपऱ्यातलीला कायतरी झालंय. नाव नव्हतं घेतलं कोणी. मी धास्तावून होते. मग तू मला सांगितलंस. शालनबाईंनी विचारलं, कोपऱ्यातली कोण, तर माझ्या तोंडातून तुझं नाव गेलं. एकदा गेलं ते परत कसं घेऊ?"

"भिवाचं पण तोंडातून गेलं?"

"ते आपलं... बोलता बोलता."

"आणि आगळ?"

सगुणाने नाडीची गाठ सोडून पुन्हा मारली.

"आगळ पण तोंडातून गेलं काय, सगुणे? मी न्हाणीत भिंत धरून उभी होते. तू दुसऱ्या दिवशी म्हणालीस, झोंबलं म्हणजे लागू पडतंय."

"गोळीचं सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस ना, तुला कसं ठाऊक," सगुणा म्हणाली. "तू विचारलं असतंस. तू सोडणारी नायस. मला काय सुचलं नाय. मला वाटलं, आगळाने काय मरत तर नाय."

हे ऐकून कमळाचा राग उलट निवला, आणि निवला ते जास्त वाईट झालं. भांडायला समोर कोणीतरी माणूस लागतं. इथे तिला वाटलं, आपण इतकी वर्षं जिच्याशी भागी केली ती बाई ही नव्हेच. तिने कोरडी साडी नेसली, ओला पिळा पिशवीत भरला आणि टेम्पोत पुढे, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

बाजारात पोचल्यावर तिने ताडपत्री पसरली, कोयती घेतली आणि मधोमध कापली. नळाकडची बाजू सगुणाकडे राहिली. आपला तुकडा उचलून कमळा दरवाजाजवळ गेली. तिथे दहानंतर ऊन येतं, म्हणून ती जागा नवख्या बायकांना देतात. चिमा आपला पाट सोडून मधेच येऊन उभी राहिली. "काय झालं गो तुम्हां दोघींचं?"

"भागी फुटली."

"पण कशावरून?"

"कापायचा मासा नसेल तर वाट सोड, चिमा. गिऱ्हाईक येतं."

गिऱ्हाईक काही येत नव्हतं. बऱ्याच वेळाने शालनबाई आल्या. नळाजवळ सगुणा होती. तिने "बाई, इकडे" म्हणून हाक मारली. शालनबाई दोन्हीकडे बघून दरवाजापाशी आल्या.

"दवाखान्यात काय म्हणाले?"

कमळाने हळू बोलायचा प्रयत्नच केला नाही. "बुरशी झाली होती. ओल्या साडीत बसून होते, आणि साखर वाढलीय. गोळी दिलीय. रोग नाय, कोणाकडून आला नाय, कोणाला लागत नाय. हात धुते, आधी पण धूत होते. बांगडा ताजा हाय." समोरच्या रांगेतल्या दोघीतिघी कापायच्या थांबल्या. एकीने मांडी बदलली आणि उगीच पदर सारखा केला. "तुम्हालाही असेल तर जा तिथे," कमळा त्यांच्याकडे बघून म्हणाली. "आगळबिगळ लावू नका."

शालनबाईंनी पिशवी पुढे केली. बांगडे कापून घेता घेता त्यांनी हळूच विचारलं, "पण कोपऱ्यातलीची कुजबूज तर शिमग्यापासूनची होती, आणि तू तेव्हा धडधाकट होतीस ग. मला ते तेव्हाच जरा…"

नळाजवळ सगुणा खाली मान घालून बर्फ फोडत होती. बर्फ कधीच फुटला होता, तरी फोडत होती. कमळाच्या तोंडात एक वाक्य तयार होतं. त्या एका वाक्याने सगुणाचा कोपरा तासाभरात रिकामा झाला असता, आणि ते वाक्य खरंही होतं.

"डोकी ठेवू की काढू, बाई?" तिने विचारलं.

हे चांगुलपण नव्हतं. सगुणाचं नाव जिभेवर घ्यायचीच तिची इच्छा मेली होती.

भिवा आला तेव्हा अंथरूण आत होतं. त्याने दारातून ते बघितलं. "काय केलं होतं मी, ते तरी सांग."

"काय नाय केलंस."

"मग पडवीत का?"

"सगुणा म्हणाली म्हणून."

"आता काय म्हणते सगुणा?"

"काय नाय म्हणत," कमळा म्हणाली, "चहात साखर घालायची नाय म्हणून ऋतिकाला सांग. माझ्या." आणि मग, पाठमोरी राहून, भांडी आवरता आवरता तिने त्याला सगळं सांगितलं. भिवाने ऐकून घेतलं. त्याला सगळ्यात नवल वाटलं ते आगळाचं. "सगुणाने?" तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "आपल्या सगुणाने?" कमळाला त्या 'आपल्या'चा इतका त्रास झाला की तिने भांडं आदळलं.

गोळ्या संपल्या, खाज गेली. सोललेली जागा भरून आली, हात पुन्हा सरळ पडायला लागला. दरवाजाजवळच्या उन्हात हळूहळू थोडी जुनी गिऱ्हाइकं यायला लागली, सगळी नाही. काहींना नळाजवळचा कोपरा सवयीचा होता, आणि काहींच्या मनातून ते गेलंच नाही. मोठा वाटा एकटीने घेणं जमेना. लिलावात सुरमई, सरंगा पुकारला की कमळा गप्प राहायची आणि मांदेली, ढोमी अशी बारकी, स्वस्त मासळी पुकारली की बोली लावायची. सगुणाही एकटीच होती. तीही मोठ्या वाट्याला गप्प राहायची. दोघींच्या मधल्या वाळूत उभ्या राहून दुसऱ्याच बायका सुरमई उचलून नेत.

एका सकाळी लिलाव झाला आणि कमळाची पाटी काठोकाठ भरली. भरलेली पाटी कोणत्याही बाईला एकटीने डोक्यावर घेता येत नाही. एक बाजू धरायला दुसरी लागते. कमळाने चुंबळ डोक्यावर ठेवली, वाकली, पाटीचा काठ धरला, आणि आजूबाजूला बघितलं. बाकीच्या बायका टेम्पोकडे निघाल्या होत्या. चिमा अजून पाण्यात होती. वाळूवर जवळ होती ती सगुणा, तिचीही पाटी खालीच होती.

सगुणा दोन पावलं पुढे आली. "हात लावू?"

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. कमळाने पाटीचा काठ सोडला नाही आणि मान वर केली नाही.

"चिमा," तिने पाण्याकडे तोंड करून हाक मारली, "आलीस की हात लाव गो." आणि चिमा कमरेएवढ्या पाण्यातून एक एक लाट ओलांडत येईपर्यंत ती तशीच वाकून उभी राहिली.